पान झालं की टोपी

लटारूजींच्या डोक्यावर टोपी दिसली की अर्जुनी मोरगावच्या आमच्या शाळेतली मुलं ओळखत, आज गुरुजींचं पान झालं. शाळा भरण्याआधी ते ओसरीत उकिडवे बसून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर कादंबरी लिहीत. रोज एक पान, आणि ते भरेपर्यंत टोपी खुंटीवर. एकदा इन्स्पेक्टरसाहेब अवचित आले तेव्हा चार ओळी बाकी होत्या. लटारूजी बोडक्यानेच उठले, बोडक्यानेच नमस्कार केला आणि भर शाळेत बोलणी खाल्ली. साहेबांची पाठ वळताच पुन्हा बसून त्यांनी त्या चार ओळी पुऱ्या केल्या.

मी त्याच शाळेत धाकटा मास्तर, पुण्याकडून आलेला. मलाही लेखक व्हायचं होतं. वर्षात एक नाटक आणि दोन कादंबऱ्या, असं वेळापत्रक करून मी भिंतीवर चिकटवलं होतं. आठव्या दिवशी दौतीतली शाई वाळली. लटारूजी ते वेळापत्रक वाचून मनसोक्त हसले.

"मास्तर, तुमी सारी बांधीच पाहून राहिले. माही माय रोवणीले जाये, तवा बांधी किती उरली हे तिनं कदी पाह्यलं नाई. आपली पात धरे अन् मागं सरकत राहे. सांजेले पाहा, तं बांधी हिरवी!"

त्यांची आई, भागरता, हीच त्या कादंबरीची नायिका. दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाकून धान रोवण्यात तिचा जन्म गेला आणि मुलगा मास्तर झाला त्याच वर्षी ती वारली. तिचा फोटो नव्हता. तिचं बोलणं तेवढं लटारूजींना पाठ होतं आणि ते त्यांनी जसंच्या तसं पानांवर उतरवलं होतं. चिखलात उभी राहून ती मुकादमाला झाडते, तो प्रसंग वाचताना मला हसू आवरेना. "अशीच बोले जी," लटारूजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माय छापून यावी, एवढीच त्यांची आस होती.

एकेक पान चार-चारदा लिहून नऊ वर्षांनी कादंबरी पुरी झाली. मी मोठ्या ऐटीत मत दिलं, "गोष्ट सोन्यासारखी आहे. पण ही भाषा पुण्यात कोण छापणार? शुद्ध मराठीत उतरवा." तोवर माझी स्वतःची एक ओळही कुठे छापून आली नव्हती.

"मायले शुद्ध बोलाले लावू म्हणता?"

मी हो म्हणालो. त्यांनी पानांची चवड नीट लावली. मग म्हणाले, "तुमी शिकलेले आहा. तुमाले समजत असन."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोज एक पान. ते उतरवत, मी लाल शाईने सुधारत असे, मग ते टोपी घालत. दोन वर्षं हे चाललं. महायुद्धामुळे कागद मिळेनासा झाला होता, तरी त्यांचा नेम चुकला नाही. काम संपत आलं तेव्हा मी जुनी पानं सहज पाहायला मागितली, तर ती नव्हतीच. उतरवलेलं जुनं पान ते रोज चुलीत घालत होते.

"काऊन जाळलं?" मीही त्यांच्याच बोलीत ओरडलो.

"पऱ्हे उपटल्याबिगर रोवणी होते का जी? बांधीत लावल्यावर वाफ्यात काय ठेवाचं?"

भाताच्या रोपांचं, पऱ्ह्यांचं ते वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते घरी जाऊन टिपून ठेवलं. असा मी मूर्ख.

कादंबरी पुण्याला गेली आणि सहा महिन्यांनी परत आली. सोबत प्रकाशकाची चिठ्ठी होती: लेखकाने खेडं पाहिलेलं दिसत नाही, त्याच्या मजूर बायका शाळामास्तरासारख्या बोलतात. लटारूजींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"माय शाळेत गेली नव्हती, मास्तर," ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते घरूनच टोपी घालून आले. मुलांना वाटलं, गुरुजींचं पान आज घरीच झालं. त्यानंतर रोजच ते टोपी घालून येऊ लागले. मला त्यांनी कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. स्वातंत्र्य यायच्या आदल्या उन्हाळ्यात ते तापाने गेले. त्यांच्या बायकोने ते शुद्ध बाड माझ्या हाती दिलं आणि म्हणाली, "तुमचंच आहे, घेऊन जा."

पुढे रोज एक पान लिहून माझी चार पुस्तकं झाली. लोक माझ्या चिकाटीचं कौतुक करतात, नवे लेखक नेम कसा पाळावा ते विचारायला येतात. मी त्यांना पातीची गोष्ट सांगतो. चुलीची सांगत नाही.

भागरता मुकादमाला काय म्हणाली होती, ते मी कितीदा तरी आठवून पाहिलं. पोट धरून हसलो होतो, एवढंच आठवतं. बाड उघडलं की त्या जागी माझ्या लाल शाईत, माझ्याच अक्षरात वाक्य आहे: "मुकादम, आपले हे वर्तन योग्य नव्हे."