एका बाजूला फुगलेली कास

तिचं नाव मी विचारलं नाही. नांदूरघाटच्या फाट्यावर एसटीची वाट बघत मी चौथीच्या मुलांची चित्रं तपासत होते. विषय होता शेळी. तिथे शेळ्या चारणारी ती बाई काठीवर हनुवटी टेकून शेजारी उभी राहिली. मग पदराला हात पुसून तिनं एका चित्रावर बोट ठेवलं. त्यातल्या शेळीची कास एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला लहान होती. मी तिथे लाल गोल करून ‘चूक’ असं लिहिलं होतं.

“हिचं करडू एकाच सडाला पितंय,” ती म्हणाली. “दुसऱ्या अंगाला दूध तुंबलंय. लेकरू लई ध्यान देऊन बघतंय, बाई.”

मग तिनं बाकीचे कागद चाळले. “ह्यांनी समद्यांनी एकच शेळी कावून काढली? घरी शेळ्या न्हाईत का ह्यांच्या?”

तेवढ्यात एसटी आली आणि मी कागद गोळा करून चढले. शेळ्या घरोघरी होत्या. पण त्या दिवशी मी फळ्यावर एक शेळी काढून दिली होती, आणि ते फुगलेल्या कासेचं चित्र काढणारी मुलगी तेवढी वर्गात उशिरा आली होती, फळा पुसून झाल्यावर.