तेल लागलेली तार

फोन आला तेव्हा मी गहू निवडत होते. इंझोरीहून पुतण्या बोलत होता, "मोठीआई, बाबा गेले." मी विचारलं, "केव्हा?" त्यानं सांगितलं. फोन ठेवून मी सुपातले उरलेले गहू निवडले, डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं आणि मगच उठले. मुलांनो, तुम्ही दुरून पुन्हापुन्हा विचारता, "आजी, तू रडलीस का?" नाही. इतके आठवडे झाले, अजून नाही. म्हणून हे क्रमानं लिहिते आहे. क्रमानं लिहिलं की निदान हात तरी कामाला लागतात...

वसंतभाऊजी माझे धाकटे दीर. तुमचे वसंत आजोबा. पन्नासच्या दशकात ते लष्कराच्या वैद्यकीय तुकडीबरोबर कोरियात होते, जखमींच्या वॉर्डात. लढाई थांबल्यावर घरी आले ते काखेत माणसाएवढं लांब गाठोडं घेऊन. वरची रजई उलगडली, तर आत लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर रेशमाच्या बारा तारा आणि प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी लाकडी घोडी. गायागुम म्हणतात त्याला. एक टोक मांडीवर आणि दुसरं जमिनीवर टेकवून बोटांनी वाजवायचं. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या वादकाची बोटं थंडीनं झडली होती. त्यानं भाऊजींना तोंडानं बोल म्हणून शिकवलं, दुंग, दांग, दिंग... आणि निघताना वाद्यच हवाली केलं. भाषा येत नव्हती. पण हे मुकं ठेवायचं नाही, एवढं भाऊजींना कळलं, आणि त्यांनी होकाराची मान हलवली. तेवढाच दिलेला शब्द. तो त्यांनी जन्मभर पाळला.

त्यांना ते एकट्यानं वाजवायचं नव्हतं. छावणीत निरनिराळ्या देशांच्या शिपायांकडून ऐकलेल्या नाचाच्या धुना, म्हाताऱ्याची विलंबित सुरावट आणि आपल्या गावचं भजन, हे सगळं एकत्र बसवायचं होतं. लग्नाआधी अमरावतीला शिकत असताना मी बाजाची पेटी शिकले होते, म्हणून सूर जुळवायला मला बसवत. घोड्या सरकवून तारा पेटीच्या सुराला आणल्या की म्हणत, "वहिनी, पाहा, त्याचा सूर आपल्या घरात आला." पण भजनी मंडळात पेटी आणि ढोलकीपुढे तो कोवळा आवाज बुडून जाई. ढोलकीवाला गणपत तोंडाळ. म्हणायचा, "वसंता, तू वाजवून राह्यला का खाजवून राह्यला? देवाले बी ऐकू येऊन नाही राह्यलं!" सगळे हसत. भाऊजीही हसत, आणि घरी येऊन पुन्हा घोड्या सरकवत बसत.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. सासूबाईंनी नांगर पुजला, शिलाईचं मशीन पुजलं, माझी पेटी पुजली. भाऊजी शेतात होते. ते परत आले तेव्हा गायागुमवर झेंडू होता आणि बाराही तारांना बोटभर करडीचं तेल आणि हळद चोळलेली होती. त्यांनी तार छेडली. आवाज आलाच नाही. ओल्या कापडावर थाप मारावी तसं काहीतरी झालं.

"माय, हे काय केलं?"

"काहून? नांगराले तेल लावलं, मशीनले लावलं. तुह्या वाद्यालेच कोरडं ठेवू काय सणाच्या दिवशी?"

त्यांचा चेहरा पाहून सासूबाईंना समजलं. पुढे कितीतरी दिवस त्या वाद्याच्या खोलीत गेल्या नाहीत. मला हळूच म्हणाल्या, "म्या पोराचा शब्द मोडला वं."

कारंज्याला दागिने रेशमात गोवणारा एक पटवेकरी होता. भाऊजी त्याच्याकडे जाऊन बसले, रेशमाला पीळ कसा हवा ते त्याला दाखवलं, आणि तारा वळून आणल्या. अकरा बदलल्या. सर्वांत जाड बारावी मात्र काढली नाही. नवी तार शेजारी तयार होती. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "राहू द्या. ही मायची."

त्या संध्याकाळी मंडळ आमच्या घरी बसलं, तिथं त्यांनी वाजवलं. अकरा तारा गोड बोलल्या, आणि समेवर बारावी पडली... थप्प. गणपतनं हात थांबवला. "अबे, हे तं माह्या ढोलकीच्या जाड पुडीवानी बोलते! पुन्हा मार." भाऊजींनी पुन्हा मारली. गणपत म्हणाला, "मंग तेवढी सम तुही. मी तिथं हात उचलतो." ढोलकी थांबली तशी पेटीही थांबली, आणि त्या फटीतून कोरियातल्या म्हाताऱ्याची सुरावट पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आली. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. भाऊजी तिथूनच ओरडले, "माय, तुही तार बोलली!" त्या म्हणाल्या, "मंग? तेल का फुकट गेलं?" आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्यानंतर इंझोरीतलं भजन तसंच होत राहिलं. सासूबाई गेल्या, गणपत गेला, त्याचा मुलगा ढोलकीला बसू लागला. सम मात्र भाऊजींचीच राहिली.

तेरवीला मी इंझोरीला होते. मंडळ आलं. गायागुम भाऊजींच्या नेहमीच्या जागी, सतरंजीवर ठेवलं होतं. मी शेजारी बसले होते, हात मांडीवर. भजन सुरू झालं. सम आली आणि गणपतच्या मुलानं सवयीनं हात उचलला. काहीच वाजलं नाही. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तसंच झालं. त्याला तिथं थाप मारता आली असती, पण त्यानं मारली नाही.

त्याच्या पुढच्या समेला मी हात लांब केला आणि जाड तार ओढली. थप्प.

भजन पुढे गेलं. मी बोट पाहिलं. इतक्या वर्षांनी त्याला हळद लागलेली नव्हती, तेलही नव्हतं. तरी ते लागलंय असंच वाटलं, आणि मी बोट पदराला पुसलं नाही.