वीणा खाली ठेवायची नसते

आईचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. राहिलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून, वर पट्टी बांधून पनवेलच्या डॉक्टरांनी तिला माझ्या हवाली केलं आणि बजावलं, "वाकू द्यायचं नाही, ओझं उचलू द्यायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. हा डोळा गेला तर मग माझ्याही हातात काही नाही." मी मान डोलावली. पण माझी आई म्हणजे उभ्या जन्मात वाकण्याखेरीज दुसरं काही न केलेली बाई. खुरपायला वाकली, सारवायला वाकली, देवापुढे वाकली आणि माझ्या वडलांपुढेही नाइलाजाने वाकली. तिला वाकू नको म्हणणं म्हणजे खाडीच्या पाण्याला भरू नको म्हणण्यासारखंच होतं. त्या दिवसांत मी देवावर रुसलेला होतो. इतकी वर्षं माळ घालणाऱ्या बाईचे दोन्ही डोळे मागायला याला लाज कशी वाटत नाही, असं मी त्याला तोंडावर विचारत असे. तो कमरेवर हात ठेवून ऐकून घेई.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. द्रोणागिरीच्या बाजूला, खाडीकाठच्या एका आगरी गावात आम्ही भाड्याने राहायचो. मी मूळचा साताऱ्याकडचा, वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर कारकून. गावाच्या एका अंगाला कंटेनरची गोदामं उठत होती, दुसऱ्या अंगाला उरलीसुरली भातशेती होती, आणि तिच्यात खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध होता. मला तो बांध संध्याकाळी हवा खायला फार आवडायचा. त्याचा दुसरा काही उपयोग असेल, हे माझ्या घाटावरच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. शेजारणीला हाक मारायची तर शेजारच्या हिराबायशी माझं नळाच्या पाण्यावरून वाजलेलं. तिच्या तोंडाला लागणं म्हणजे कोयत्याची धार बोटाने तपासणं. म्हणून मी गाळ्यावर रजा टाकली आणि घरात नर्स झालो. त्यातच आश्विनातला हरिनाम सप्ताह आला.

सप्त्यात वीणा कधी खाली ठेवायची नसते. सात दिवस, रात्रंदिवस, कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात ती असतेच. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मी साताऱ्याचा, म्हणजे टाळ वाजवतच जन्मलो असणार, असा गावाचा भाबडा समज होता. तो दूर करण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता. खरं सांगायचं तर मला धड चार अभंग पाठ नव्हते. तरी देवळाचं सगळं बघणाऱ्या म्हाताऱ्या बुवांनी विचारलं, "सातारकर, पहारे तू लावशील कं?" तेव्हा मी अशा थाटात हो म्हटलं, जणू देहूहून माणूस मागवलाय. वर मनातल्या मनात देवाशी सौदाही केला: दुपारचा पहारा रोज माझा, आईचा डोळा तुझा.

पहारे मी फार हुशारीने लावले. गोदामवाले सकाळी, नोकरीवाले रात्री, आणि शेतावरची माणसं दुपारी, कारण दुपारी शेतावर काय काम असतं? फळ्यावर वळणदार अक्षरात नावं लिहिली आणि मागे सरून स्वतःच कौतुकाने पाहिली. बुवांना वाचता येत नव्हतं. गावातल्या बाकीच्यांनी माझ्या मुलखावर विश्वास ठेवला.

शेवटच्या दिवशी दुपारी मी आईला जेवू घातलं, थेंब घातले आणि आडवं केलं. "आये, मी येईस्तोवर उठायचं न्हाय." "न्हाय उठत. तू जा, देव ताटकळंल." पण तिच्या 'न्हाय'चा मला अनुभव होता. पट्टी बांधलेली बाई चाचपडत नळावर जाईल या भीतीने मी दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. त्या वेळी ही युक्ती मला इतकी पसंत पडली की देवळापर्यंत मी स्वतःशीच हसत गेलो.

माझा पहारा अर्ध्यावर आला असेल. सोबतीला टाळ घेऊन शेतावरची दहाबारा माणसं होती. एवढ्यात खाडीच्या बाजूने आरडाओरड ऐकू आली, "खांड पडली! बांधाला खांड पडली!" टाळ जागच्या जागी टाकून सगळे धावले. बुवासुद्धा धोतर खोचून निघाले. जाता जाता माझ्याकडे वळून ते जे बोलले ते ओवीत बसणारं नव्हतं. "आज पुनव हाय, उधान हाय! बांधावरची सगली मानसां दुपारचे पहाऱ्याला लावलीस? दर्या काय तुझे घड्यालावर चालतंय?"

तेव्हा कुठे उजेड पडला. पौर्णिमेच्या उधाणाची भरती नेमकी भर दुपारी चढते, आणि अशा दिवशी ती माणसं बांधावर राखण करतात. ती सगळी मी देवळात आणून उभी केली होती. बांधावर डोळा ठेवायला कुणी उरलं नव्हतं, आणि आता बांध बुजवायला सगळं गाव गेलं होतं. बायासुद्धा घमेली घेऊन धावल्या. उरलो मी, गळ्यात वीणा, एका हातात चिपळ्या आणि खिशात आईची चावी.

पहाऱ्याची वेळ संपली. पुढच्या पहाऱ्याचा माणूस अर्थातच चिखलात होता. थेंबांची वेळ टळत चालली. मी 'राम कृष्ण हरी' म्हणत होतो, पण मनात नुसतं कुलूप दिसत होतं. वीणा खांबाला अडकवावी, असं वाटलं. देवाच्याच गळ्यात घालावी, तुझी तू सांभाळ म्हणावं, असंही वाटलं. शेवटी वीणेसकट घरी पळायचं ठरवून मी उंबऱ्यापर्यंत गेलो, पण तिथे पाय अडला. सात दिवस गावाने हातोहात सांभाळलेलं व्रत, शेवटच्या दुपारी, तेही बांध फुटलेला असताना, मोडलं ते या परक्याने मोडलं, असं झालं असतं. परत फिरलो. मूर्तीसमोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच सौदा न करता बोललो, "मला काही सुचत नाही बाबा. तूच बघ." बस्स, एवढंच. त्यात भक्ती होती की नुसती घाबरगुंडी, हे मला आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळाने दारात एक माणूस उभा राहिला. मळकी खाकी पँट, गळ्यात टॉवेल, हातात रिकामी प्लास्टिकची बाटली. ट्रेलरचा ड्रायव्हर. बांधावर माती टाकण्यासाठी डंपर रस्त्यात आडवा लागला होता, म्हणून त्याची गाडी खोळंबली होती.

"माऊली, पाणी मिळंल का?"

मी मानेनेच माठ दाखवला. तो पाणी प्यायला, बाटली भरली आणि माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला वाटलं, याला ही भक्ती वाटत असेल.

"गावातलं कुणी न्हाई वाटतं तुमच्या जोडीला?"

मग माझा बांध फुटला. रामकृष्णहरीच्या चालीतच मी त्याला सगळं सांगितलं, कारण नाम थांबवायची भीती वाटत होती. आई, डोळा, कुलूप, चावी. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की दोनपैकी एक गोष्ट या अनोळखी माणसाच्या हाती द्यावी लागणार: घराची चावी किंवा देवाची वीणा. चावी द्यावी तर माझी आंधळी झालेली आई त्याच्या हाती. वीणा द्यावी तर साऱ्या गावाचा देव त्याच्या हाती.

त्याने मला निवडायचं काम ठेवलंच नाही. चपला बाहेर काढल्या, माठातल्या पाण्याने हातपाय धुतले, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि सरळ येऊन माझ्या पाया पडला. मीही त्याच्या पाया पडलो. त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास येत होता. वीणा त्याने अशी घेतली, जशी तान्ह्या लेकराची मान सावरून घेतात. "आमच्या वडलांचा पहारा असायचा गावाकडं," तो म्हणाला. "पळा तुमी. म्हातारीला बघा." आणि त्याने असा काही खणखणीत स्वर लावला की माझ्या चार अभंगांची मला लाज वाटली.

मी धावलो. कुलूप उघडून कडीलाच सोडलं. आत शिरलो तर रॉकेलचा भपकारा. आई उठली होती. माझं पोर भुकेलं येईल म्हणून चाचपडत तिने स्टोव्ह जवळ ओढला होता. अंदाजाने रॉकेल ओतताना ते स्टोव्हभर आणि लुगड्यावर सांडलं होतं. ती वाकण्याच्या बेतात होती, आणि तिच्या हातात काडी होती. अजून पेटीवर ओढायची होती.

मी तिचा हात धरला. एवढंच मला स्पष्ट आठवतं. काडी तिने मुठीत इतकी घट्ट धरली होती की एकेक बोट सोडवावं लागलं. "उशीर केलास रं," ती म्हणाली. "भाकरी टाकणार होते." मी तिचं लुगडं बदलायला घेतलं.

तेवढ्यात हिराबाय दारात आली. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेवर घमेलं. दुसरं घमेलं न्यायला घरी आलेली, रॉकेलच्या वासाने इकडे वळली. कडीला लोंबकळणारं कुलूप पाहिलं, ओला स्टोव्ह पाहिला, मला पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"भाईरशी कुलूप? म्हातारीला?"

"हिराबाय, अहो, तिनं बाहेर पडू नये म्हणून..."

"गप रे! देवाचे वीनेला सात दिस पहारा हाय. एक मानूस गेला का दुसरा हाय. न् तुझे आयेला कोन हाय? कुलूप?"

तिने घमेलं दारात टाकलं, हात धुतले, मला बाजूला ढकलून आईचं लुगडं नेसवलं, थेंब घातले आणि तिच्या उशाशी बसली. "जा, बांधावर माती टाक. फोडलास तूच, बुजवायला कोन येनार?" नळाचं भांडण त्या दिवशी संपलं. कुणी मिटवलं नाही, ते आपोआपच विरून गेलं.

ओहोटी लागली तशी खांड बुजली. थोडं भात खाऱ्या पाण्यात गेलं, बरंचसं वाचलं. चिखलाने माखलेले आम्ही देवळात आलो, तर वीणा चालू होती. ड्रायव्हरने ती बुवांच्या गळ्यात घातली, पाया पडला आणि निघाला. कुणी म्हणालं त्याचा ट्रेलर हिरवा होता, कुणी म्हणालं निळा. नाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे गावातल्या बाया म्हणू लागल्या, तो पांडुरंगच. मी वाद घालत नाही. तो ड्रायव्हरच होता असं मला वाटतं. पण देवाच्या अंगाला डिझेलचा वास येऊ नये, असं कुठे म्हटलंय?

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, वीणा खुंटीवर गेली. मी फळा पुसायला घेतला तेव्हा मागून हिराबाय बोलली, "पुसतंस कं? पट्टी सुटाया बाकी हाय अजून." बुवा हसले. त्यांनी फळा उचलून देवळाबाहेर टांगला आणि मला फर्मावलं की आता म्हातारीचे पहारे लाव. "पन आदी भरती इचार, मंग घड्याल!" सारा पार हसला. मी भरती विचारली. मगच नावं लिहिली.

आईची पट्टी निघेपर्यंत तिच्या उशाशी कुणी ना कुणी होतं. मग फळ्यावर एका बाळंतिणीचं घर आलं, मग पाय मोडलेल्या एका मिठागरवाल्याचं, मग कुणाला इस्पितळात न्यायला रिक्षावाल्यांची नावं लागली. पहाऱ्याला जाणाऱ्याने त्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा नियम हिराबायने केला आणि मोडणाऱ्याची आई-बहीण काढण्याची जबाबदारीही तिनेच घेतली. शेजारच्या गावांनी तसेच फळे टांगले. पुढे नेरूळकडून कुणी शिकलेली मंडळी पाहायला आली आणि 'उत्तम शेजारी योजना' असं भारदस्त नाव देऊन गेली. गावात मात्र सगळे 'पहारा'च म्हणत राहिले. आणि मला, संस्थापक म्हणून नव्हे, तर बांध फोडणारा म्हणून ओळखत राहिले.

आज ते गाव ओळखू येत नाही. पण डोळे मिटले की त्या दुपारचं देऊळ दिसतं. देवाला शरण जाणं म्हणजे काहीतरी फार मोठं, ज्ञानी माणसांचं काम, असं मला वाटे. माझ्या वाट्याला ते आलं ते एवढंच: जे एकट्याने गच्च धरून ठेवलंय, ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं आणि वळून धावत सुटायचं. मी ते आपणहून केलं नसतं. माझ्याकडून ते करवून घेतलं गेलं.

पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय दिसतंय?" आईने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि ती म्हणाली, "ह्यो दाढी का करीत न्हाय?" डॉक्टर हसले. मी बाहेर जाऊन रडलो.

त्यानंतर काही दिवसांनी फळ्यावर आईने स्वतःचं नाव घालायला लावलं. बाळंतिणीच्या घरी, दुपारचा पहारा. मी चप्पल घालून तिला सोडायला निघालो, तशी तिने दारातच मला थांबवलं. "तू कशाला? मला दिसतंय की." पदर खोचून ती एकटी गल्लीतून निघाली. वाटेत कुणाच्या दारात सांडलेलं पाणी होतं, ते तिने पाहिलं, बाजूने वळसा घातला आणि पुढे गेली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईस्तोवर मी हात जोडून दारात उभा होतो.