प्लामेनच्या नावाचा पाव

गेनाकाकूच्या घरात पोर रडलं की औषध एकच. पावाचा जाडजूड काप, त्यावर सूर्यफुलाच्या तेलाची धार आणि वरून रंगीत मीठ. रानातला सुगंधी पाला वाळवून लाल तिखट आणि मिठाबरोबर कुटला की ते मीठ तयार होई. लोणी पाहुण्यांसाठी असायचं, आणि पाहुणे काही रोज येत नसत. तिचा एकुलता एक प्लामेन तो काप घेऊन गल्लीत धावायचा. तेल कोपरापर्यंत ओघळलेलं असायचं. गल्लीतली पोरं एकेक घास तोडायची आणि हा रिकाम्या हातानं परत यायचा.

"गाव पोसायला निघालास का रे?" असं म्हणत गेना दुसरा काप कापायला घ्यायची.

डॅन्यूब नदीकाठच्या त्या गावात तेव्हा पोसण्याइतकी पोरं तरी होती. गेनाचं सगळं आयुष्य सहकारी शेतावर टोमॅटो खुडण्यात गेलं. नवरा दारूनं नेला, मग सहकारी शेत मोडलं, शाळेला कुलूप लागलं आणि तरुण मंडळी वाट फुटेल तिकडे गेली. घरोघरच्या फाटकांवर मेलेल्यांचे फोटो लावलेले, काळ्या चौकटीचे कागद तेवढे राहिले. जिवंत माणसांपेक्षा तेच जास्त, आणि दिसायलाही तेच तरुण.

प्लामेन स्पेनला फळं तोडायला गेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. इथल्या पावाला चवच नाही गं आई, म्हणायचा. मग एका रविवारी फोन आला नाही. सोबतचे म्हणाले, काम सोडून कुणाबरोबर तरी दक्षिणेला गेला. पोलिसांनी नाव लिहून घेतलं. पुढे कुणाकडूनच काही कळलं नाही, जगल्याचं नाही की मेल्याचंही नाही.

त्या गावात माणसाच्या नावानं खाणं वाटायची रीत आहे. जिवंताच्या नावानं वाटलं की घेणारा म्हणतो, "उदंड आयुष्य लाभो." मेलेल्याच्या नावानं वाटलं की म्हणतो, "देव त्याला क्षमा करो." पाव तोच, हात तेच. गेना दर ऑगस्टात, चर्चमधल्या देवमातेच्या सणाला, प्लामेनच्या आयुष्यासाठी तेल-मिठाचे काप वाटायची. शेजारीण रायना तिच्या मागे लागायची, की मेलेल्यांच्या नावानं वाटायच्या दिवशी एकदा वाटून टाक. समजा नसलाच, तर इतकी वर्षं बिचारा उपाशी फिरत असेल.

"माझा मुलगा जिवंत आहे," गेना म्हणायची. "तुला मेलेले हवेत तर तुझे तू जेवायला घाल."

मग दोघी काही दिवस बोलायच्या नाहीत. पण भांडण टिकवायलाही गावात माणसं लागतात. झक मारत पुन्हा बोलायच्या.

यंदाच्या सणाला गेना तबक घेऊन दुकानापुढच्या बाकाकडे गेली. पावाच्या गाडीची वाट बघत चार-पाच म्हातारे बसले होते, त्यांच्यात रायनाही होती. औषधालाही एक पोर नव्हतं. पहिला काप तिनं दिन्कोला दिला. हा पूर्वी शहरातल्या शाळेची बस चालवायचा. प्लामेनला त्यानंच रोज शाळेत सोडलेलं. दिन्कोनं काप घेतला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाला, "देव त्याला क्षमा करो."

दिन्कोच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या बाकावर कित्येक वर्षांत फक्त मेलेल्यांचंच खाणं वाटलं गेलं होतं आणि जिभेला तेवढेच शब्द येत होते.

"माफ कर गं गेना," तो गडबडून म्हणाला. "सवयीनं बोलून गेलो. उदंड आयुष्य, उदंड आयुष्य लाभो पोराला."

गेनानं रागाची वाट पाहिली. राग आला नाही. उलट पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली. आईला असं वाटतं का? म्हणजे हे आपल्याला केव्हाचंच ठाऊक होतं. रविवारी फोनजवळ बसणं हीसुद्धा दिन्कोच्या जिभेसारखी नुसती सवय होती. आशा कधीच संपली होती, आणि गेना अजून त्या बाकापुढे तबक धरून उभी होती.

"परत घेऊ नकोस," ती म्हणाली. "बोललास ते राहू दे."

मग तिनं तबक रायनापुढे धरलं. "घे. आणि त्याचं नाव घेऊन म्हण. नावाशिवाय त्याला पोचायचं कसं?"

इतकी वर्षं हेच म्हणायला टपलेल्या रायनानं काप न घेताच तबक गेनाकडे परत सरकवलं. म्हणून गेनाच म्हणाली, मोठ्यानं, आपल्या प्लामेनचं नाव घेऊन.