तीनदा तपासलेला नंबर

आता ही फजिती सांगायची तर आधी एक कबुली द्यायला हवी. मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासतो. ही चूकसुद्धा तीनदा तपासूनच झाली.

मी नांदेडला भूगोलात एम.एस्सी. करतो. किनवटच्या जंगलातल्या सर्वेक्षणासाठी आम्हाला एकाच दिवसाची परवानगी मिळाली होती. विभागात जीपीएसची दोन अगदी सारखी यंत्रं होती. एक आमचं, दुसरं माझा मित्र बालाजी लातूरच्या त्याच्या कॉलेजातून घेऊन आलेला. जंगलाचा नकाशा विकत घ्यायचा होता, आणि हे नकाशे कुलूपबंद येतात. आपल्या यंत्राचा नंबर कंपनीला कळवायचा, ती कोड देते, आणि त्या कोडने नकाशा फक्त त्याच यंत्रावर उघडतो.

"एवढी उठाठेव कशाला रं?" बालाजी म्हणाला. "नेटवर फुकट उघडून देतेत की."

मी त्याला वीस मिनिटं समजावलं. परवाना म्हणजे काय, नक्कल म्हणजे काय आणि चोरी कशाला म्हणतात. त्याचा चहा निवला.

मधे दसरा आला. आमचे शिपाई मारोतीमामा विभागातलं प्रत्येक उपकरण पूजेला मांडतात. दोन्ही यंत्रं कव्हरांतून निघाली, त्यांना हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला गेला, आणि मामांनी ती भक्तिभावाने परत कव्हरांत ठेवली. यंत्रांचे नंबर मी कव्हरांवर चिकटवले होते, सुवाच्य अक्षरात. आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

बालाजी त्याचं कव्हर घेऊन लातूरला गेला. मी आमच्या कव्हरावरचा नंबर तीनदा तपासून कंपनीला कळवला. कोड आला, मी तो टाकला. पडद्यावर उमटलं, 'हा नकाशा या यंत्रासाठी नाही.'

परवानगीचा दिवस परवावर आला होता. मी कंपनीला पानभर तक्रार पाठवली, प्रत विभागप्रमुखांना. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं, 'नंबर कृपया यंत्राच्या पडद्यावर पाहावा.' पाहिला. तो लातूरच्या यंत्राचा होता. पडद्याच्या कडेला कुंकू अजून तसंच होतं.

बालाजीला फोन लावला. "तुझ्या कव्हरात आमचं यंत्र आलंय."

"असल. आम्ही निलंग्यात ऊस मोजायलोत त्याच्यावर. लई झकास चालतंय."

"मला परवा किनवटला जायचंय." मग मी आवाज जरा खाली आणला. "बालाजी, ते नेटवर फुकट उघडून देतात म्हणाला होतास, ते नेमकं कुठे?"

तो म्हणाला, "थांब, स्पीकरवर टाकतो. चोरी कशाला म्हणतेत, ते आमच्या सरांना बी ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने लातूर गाठलं. यंत्र हातात देण्याआधी बालाजीने माझ्याकडून पडद्यावरचा नंबर तीनदा वाचून घेतला. चौथ्यांदा त्याच्या सरांनी स्वतः वाचला.

किनवटला नकाशा बिनतक्रार उघडला. तक्रार मात्र विभागप्रमुखांच्या फायलीत आहे. तिच्या खाली मी लिहिलंय, 'क्रमांक तीनदा पडताळला आहे', आणि सहीही केली आहे.