भोजनकक्षाला विमलताईंचं नाव

विमलताई गेल्याचं मला मीनानं फोन करून सांगितलं. सुप्याच्या कारखान्यातून बोलत होती. "सर, ताई गेल्या," एवढंच म्हणाली, आणि मग... नुसता यंत्रांचा आवाज येत राहिला.

मीना नगरच्या ज्या वसतिगृहात वाढली, तिथे आईवडील नसलेली मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत राहतात. अठरा पूर्ण झाली की हातात पिशवी आणि फाटक उघडं. विमलताई आणि मी एकाच आयटीआयमध्ये शिकवत होतो, त्या वायरिंग आणि मी गणित. निवृत्त झाल्यावर त्यांनी वसतिगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची बाकं आणून टाकली आणि मुलामुलींना पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकवू लागल्या. त्यांचा तास संपला की बारावीचा अभ्यास मी घ्यायचो.

आता ज्याची मला किळस येते ते सांगतो. कुणाचा वाढदिवस असला, कुणी शिर्डीला जाता जाता पुण्य कमवायचं म्हटलं, की श्रीखंड-पुरी यायची. ऐन तासाला मुलं उठवली जायची. ओळीत बसायचं, अनोळखी माणसासाठी टाळ्या वाजवत गाणं म्हणायचं आणि घास तोंडाशी नेऊन कॅमेऱ्याकडे बघायचं. मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा मान खाली घालून हे करत. एका दिवशी विमलताई पाहुण्यांसमोरच म्हणाल्या, "श्रीखंड नको. घरातला बिघडलेला मिक्सर आणा. पोरं दुरुस्त करतील, तुम्ही इथं बसून बघा." बरेच जण पुन्हा फिरकले नाहीत. जे मिक्सर घेऊन आले, त्यांतल्याच एकानं मीनाचं काम पाहून तिला सुप्यात नोकरीला लावलं. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब मात्र कायमचे फुगून बसले, कारण त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाची पंगतही ताईंनी बंद पाडली होती.

शोकसभेच्या फ्लेक्सवर भाऊसाहेबांचा फोटो ताईंच्या फोटोपेक्षा मोठा होता. कमावत्या झालेल्या मुलामुलींना स्टेजवर रांगेत उभं केलं होतं. मीना कारखान्याच्या गणवेशातच आली होती. भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटोवाल्याकडे बघितलं आणि माईकवर म्हणाले, "ही अनाथ लेकरं आज पुन्हा पोरकी झाली." मग त्यांनी जाहीर केलं, की मागची शेड रिकामी करून तिथे 'विमलताई स्मृती भोजनकक्ष' उभारणार, म्हणजे दात्यांना पंगतीसाठी हक्काची जागा होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. मला अक्षरशः शिसारी आली.

यंदा अठरा पूर्ण करून बाहेर पडणारी मुलं मागच्या रांगेत बसली होती. त्यांचं शिक्षण अर्धंच झालंय. शेड गेली तर ती फाटकाबाहेर पडून करणार काय, हे कुणी विचारलं नाही. मी उठून विचारलं, तर भाऊसाहेब हसून म्हणाले, "सर, आज दुःखाचा दिवस आहे."

पुढच्या सुट्टीला मीना टेम्पो घेऊन आली. सोबत वसतिगृहात तिच्याबरोबर वाढलेले तिघेचौघे होते. तिनं मलाही बोलावून घेतलं होतं. बाकं बाहेर निघताना पाहून भाऊसाहेब धावत आले.

"अगं, कुठं नेताय हे?"

"सुप्याला. गाळा घेतलाय आमी. यंदाची पोरं तितंच शिकतील, ऱ्हातील बी."

"ताईंच्या आठवणी इथंच राहू द्या की."

"आठवनी ऱ्हाऊ द्या तुमाला," मीना म्हणाली. "आमी बाकं नेतो."

भाऊसाहेबांनी खिशातून मोबाईल काढला. बाकांसोबत सगळ्यांचा एक फोटो होऊ दे म्हणाले, ताईंचं कार्य पुढे चाललंय, संस्थेच्या नावानं पेपरात छापून आणू.

कुणीच थांबलं नाही. शेवटचं बाक राहिलं होतं, विमलताई बसायच्या ते, सोल्डरिंगचे डाग देऊन देऊन जागोजागी काळं पडलेलं.

"सर," मीना म्हणाली, "त्ये टोक धरा."

मी धरलं.