अक्कांचे आठ दिवस

आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी लिहून टाकतो. अक्का जे कधीच बोलल्या नव्हत्या, असं एक वाक्य मी त्यांच्या नावावर खपवलं. अक्कांबद्दल चांगलं लिहिणं सोपं आहे. पण ते वाक्य वगळून मला त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही.

मल्लेश्वरममधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी मराठीत उपासना करणारी नऊ ख्रिस्ती घरं, एवढीच आमची मंडळी. अक्का त्यात सर्वांत जुन्या. निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं बेंगळुरूत काढल्यामुळे नगरकडची ही बाई सगळ्यांची अक्का झालेली. शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, वचन तोडून वाचलेलं त्यांना खपत नसे. मागच्या रांगेतून आवाज यायचा, "स्वल्प थांब. हे कुणाला लिहिलंय? मागची ओळ वाच."

पुण्याहून आलेल्या एका आयटीवाल्याने सर्जापूर रोडला फ्लॅट बुक केला. देवाचे संकल्प आपल्या हिताचेच असतात, हे वचन दारावर लावणार, असं तो उपासनेत उभं राहून साक्ष देताना म्हणाला.

"लाव की," अक्का म्हणाल्या. "पण ते पत्र बंदिवासात नेलेल्या लोकांना आहे. वरच्याच ओळीत त्यांना सत्तर वर्षं लागतील म्हटलंय. तुझा बिल्डर काय म्हणतो?"

"डिसेंबर म्हणतो, अक्का."

"मग तुझं बरंच बरं चाललंय."

अवघड प्रश्नाला मात्र त्या लगेच उत्तर देत नसत. "आठ दिवस दे," म्हणायच्या. मग रेघांच्या कागदावर डावीकडे शास्त्रात काय आहे ते लिहीत, उजवीकडे ते विचारणाऱ्याला कुठवर लागू आहे ते. उजवी बाजू बहुधा तोकडी असे. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "डॉक्टरसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत हो."

"डॉक्टरचं चुकलं तर दुसरा डॉक्टर असतो. देवाच्या नावावर चुकलं तर माणूस कुणाकडे जाईल?"

हे ऐकून मी हसलो होतो.

मंडळीत एक बाई होती, तिला इथे सुनीता म्हणतो. बोम्मसंद्र्याला कारखान्यात पॅकिंगला जायची. नवरा मारायचा. तो उपासनेत ढोलकी वाजवायचा, आणि त्याला मंडळीत मीच आणलं होतं. तिचा फोन तो तपासायचा, ती कुणाशी बोलते यावर नजर ठेवायचा. मी मंडळीचा पंच, शिवाय त्याचा मित्र, त्यामुळे माझ्याशी बोललेलं त्याला खटकत नसे. एका रविवारी चहाचे कप गोळा करताना ती हळूच म्हणाली, "दादा, अक्कांना विचारा ना. मी घर सोडलं तर देवाला चालेल का?"

संध्याकाळी अक्कांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आठ दिवस दे. नीट वाचून सांगते. पण तोवर तिने तिथे राहायचं नाही. उद्यापासून माझ्याकडे ये म्हणावं. एवढं सांगायला मला वाचावं लागत नाही."

हा निरोप मी दिला नाही. ती अक्कांकडे आली असती तर नऊ घरांतलं एक फुटलं असतं, आणि त्या माणसासमोर मला उभं राहावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर तिला गाठून म्हणालो, "अक्का म्हणाल्या, बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं असं लिहिलंय."

तिने विचारलं, "एवढंच? मागचं-पुढचं काही नाही म्हणाल्या?"

"एवढंच."

"सरी," तिने कानडीत 'बरं' म्हटलं आणि बसकडे गेली.

पुढच्या रविवारी ती डाव्या कानात कापूस घालून आली. कानाचा पडदा फाटला होता. त्या कानाने तिला पुन्हा ऐकू आलं नाही. अक्का हातात कागद घेऊन तिच्याजवळ गेल्या. सुनीता म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं ना, अक्का. आता राहू दे." आणि तोंड फिरवलं.

अक्कांनी मला बाजूला घेतलं. "माझ्याकडे ये म्हणून सांगितलं होतंस ना तिला?"

"सांगितलं. आधी शास्त्राचं उत्तर येऊ दे, म्हणाली." हे दुसरं खोटं. पहिल्याने सुनीताचा कान गेला, दुसऱ्याने अक्कांचा आवाज.

त्यानंतर मागच्या रांगेतून आवाज आला नाही. कुणी वचन तोडून वाचलं की सवयीने माना मागे वळायच्या. अक्का खाली बघत असायच्या. पाळकांनी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "मला फार वेळ लागतो हो. तेवढ्यात माणसाचा कान जातो." शास्त्र तोडून वापरलं मी, आणि ते जपून वाचल्याबद्दल स्वतःला दोषी धरून बसल्या त्या. सुनीताचं कुटुंब मंडळीत यायचं थांबलं.

दोन वर्षांनी अक्का अंथरुणाला खिळल्या. मी जाऊन वाचून दाखवायचो. शेवटी शेवटी त्यांनी अंधारातच संपणारं स्तोत्र मागितलं. ते संपलं. काहीतरी बरं वाटेलसं म्हणून मी पुढचं स्तोत्र सुरू केलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "तिथेच थांब. हे ज्याने लिहिलं, पुढचं त्याचं नाही."

मी थांबलो. सांगायची वेळ तीच होती. मी पुस्तक मिटलं.

त्या गेल्यावर त्यांच्या शास्त्रात तो कागद सापडला. डावीकडे पूर्ण उतारा: मागची ओळ, एकमेकांच्या अधीन राहा अशी, पुढच्या ओळी, नवऱ्याने स्वतःला बायकोसाठी वाहून घ्यावं अशा. उजवीकडे लिहिलं होतं, 'मार खाणाऱ्या बाईला सांगायचं हे वाक्य नव्हे. तिला घेऊन ये.'

अंत्यविधीला सुनीता आली नाही. ती अजून त्याच घरात आहे. मला अक्कांकडे जे कबूल करायचं होतं, ते राहूनच गेलं. सुनीताला मी हा कागद देणं लागतो, आणि ते वाक्य अक्कांचं नव्हतं, माझं होतं, हे तिच्या ऐकू येणाऱ्या कानाशी सांगणं लागतो. अजून गेलेलो नाही.